हिवाळी चाके बसवल्यावर पेटलेला टायरच्या दाबाचा दिवा : माझा अनुभव

कॅनडातील क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात मोटारीला हिवाळी टायर असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि टायरच्या बाजूवर डोंगर व हिमकण यांचे चिन्ह नसेल तर २०० ते ३०० डॉलर दंड होऊ शकतो. तापमान सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन रस्त्यावरची पकड कमी होऊ लागते. म्हणून मॉन्ट्रियलमध्ये आमच्यासारखे बरेचजण हिवाळी टायर वेगळ्या लोखंडी रिमवर कायमचे चढवून ठेवतात आणि नोव्हेंबरमध्ये अख्खी चाकेच बदलून घेतात.

गेल्या वर्षी आम्ही एक जुनी जपानी बनावटीची गाडी घेतली. तिच्याबरोबर हिवाळी चाकांचा संचही मिळाला आणि त्यात टायरमधील हवेचा दाब मोजून गाडीला कळवणारे सेन्सर बसवलेले असल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते. चाके बदलून घरी येत असताना डॅशबोर्डवर टायरच्या दाबाचा पिवळा दिवा पेटला. गॅरेजमध्ये विचारले तेव्हा दोनच पर्याय सुचवण्यात आले : दिव्याकडे दुर्लक्ष करावे, किंवा चारही सेन्सर नवे बसवावेत. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे आणि कॅनडात ती सक्तीची नाही, हे खरे आहे. परंतु जो दिवा चार महिने सतत पेटलेला असतो, तो खरोखर पंक्चर झाल्याच्या दिवशी काहीच सांगू शकत नाही. दुसऱ्या पर्यायाबद्दल माझी हरकत अशी होती की बिघाड नेमका कोठे आहे हे कोणीही पाहिलेले नव्हते.

दिवा कसा पेटतो, यावरूनच निम्मा उलगडा होतो. हवा कमी असेल तर गाडी सुरू करताच तो लागतो आणि स्थिर राहतो. यंत्रणेलाच सेन्सरचा संदेश मिळत नसेल, तर तो आधी मिनिटभर ते दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. आमचा दिवा दर वेळी लुकलुकत होता. तरीही मी आधी हवा तपासली, कारण थंडीत दोन्ही कारणे एकत्र असू शकतात. तापमान दहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण दीड पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) घटतो. म्हणजे वीस अंशांच्या उबदार गॅरेजमध्ये ३३ पीएसआय भरलेले टायर उणे दहा अंशांत २८ च्या आसपास येतात. त्यामुळे गाडी रात्रभर बाहेर उभी राहिल्यानंतर, ती हलवण्यापूर्वीच, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे हवा भरून घेतली. लुकलुकणे थांबले नाही, तेव्हा हवेचा प्रश्न बाजूला झाला.

आमच्या ओळखीच्या एका काकांकडे सेन्सर तपासण्याचे हातातले यंत्र आहे. बॅटरी वाचावी म्हणून उभ्या गाडीतील सेन्सर जवळजवळ झोपलेलाच असतो. हे यंत्र व्हॉल्व्हजवळ टायरला टेकवून कळ दाबली की ते १२५ किलोहर्ट्झचा संकेत पाठवून सेन्सरला जागे करते, आणि सेन्सर आपला ओळख क्रमांक, दाब, तापमान व बहुतेक वेळा बॅटरीची स्थितीही कळवतो. तीन चाकांनी लगेच उत्तर दिले. मागच्या डाव्या चाकाने मात्र यंत्र कसेही फिरवले तरी उत्तर दिले नाही. या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती आतच सीलबंद असल्यामुळे बदलता येत नाही, म्हणून तो एक सेन्सर संपूर्ण बदलणे भाग होते. चार नव्हे, एक.

नंतर तेच यंत्र स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडणी करण्याच्या खाचेला, जोडून गाडीच्या स्मृतीत कोणते क्रमांक आहेत ते वाचले. तेथे चारही क्रमांक उन्हाळी चाकांचे होते. म्हणजे हिवाळी सेन्सर बोलत होते, परंतु गाडी त्यांना ओळखतच नव्हती. येथे अनेकांचा एक गैरसमज आढळतो. आमच्या गाडीत दाब निश्चित करण्याचे एक बटण आहे आणि ते दाबून धरले की नवी चाके नोंदली जातात, असे लोक सांगतात. प्रत्यक्षात त्या बटणाने फक्त सध्याचा दाब हा योग्य दाब म्हणून धरला जातो. नव्या सेन्सरचे क्रमांक त्याने नोंदले जात नाहीत. काही बनावटींच्या गाड्या थोडा वेळ चालवल्यावर नवे क्रमांक आपणहून शिकतात, आमची शिकत नाही.

नवा सेन्सर घेताना तो ज्या रेडिओ लहरींवर संदेश पाठवतो त्यांची वारंवारिता पाहावी लागते. युरोपात ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर असतात, आमच्या गाडीला ३१५ चे लागतात, आणि ऑनलाइन दुकानांत दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात. उन्हाळी क्रमांकांची नक्कल केलेले सेन्सर बसवले तर गाडीला फरकच कळत नाही, ही सोय मला आवडली होती. पण त्यासाठी चारही सेन्सर नक्कल करता येण्याजोगे हवेत, आणि आमचे तीन जुने सेन्सर तसे नव्हते. चांगले चालणारे तीन सेन्सर काढून टाकणे मला पटले नाही.

टायर उतरवून सेन्सर बदलला, चाकाचे बॅलन्सिंग पुन्हा करून घेतले आणि चार हिवाळी क्रमांक ओबीडीतून गाडीत लिहिले. दिवा तत्काळ विझला नाही. सेन्सर जागे होण्यासाठी गाडी काही काळ ताशी तीस किलोमीटरच्या वर चालवावी लागते. महामार्गावर थोडे अंतर गेल्यावर तो विझला. त्यानंतरच मी ते बटण वापरले, तेही टायर थंड असताना आणि हवा स्टिकरप्रमाणे असल्याची खात्री करून.

ज्यांच्या गाडीत अप्रत्यक्ष पद्धत आहे, त्यांना यातले काहीच करावे लागत नाही. तेथे एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकांच्या फिरण्यातील फरकावरून दाबाचा अंदाज घेतात, आणि चाके बदलल्यावर मेनूतून फेरजुळणी केली की काम होते.

व्हॉल्व्हच्या टोपणांबाबतही काळजी घ्यावी लागते. येथील रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे धातूची टोपणे सेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला गंजून चिकटतात आणि सोडवताना व्हॉल्व्ह तुटतो; आम्ही प्लास्टिकची टोपणे लावली. दोन्ही संचांचे क्रमांक चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवले आहेत, कारण वसंतात उन्हाळी चाके बसवताना तेच क्रमांक पुन्हा लिहावे लागतील.