लाल माती, लाल हत्ती आणि पेट्यांचं कुंपण

दोडामार्गातल्या आमच्या बागेत हत्ती पहिल्यांदा शिरले तेव्हा मी दुसरीत होते. सकाळी पाहिलं तर केळीचा एक खुंट उभा नव्हता आणि आजी चहा न घेता पायरीवर बसून होती. तेव्हापासून आमच्या घरात हत्ती म्हणजे फटाके, बॅटऱ्या, जागरण आणि मग पंचनामा. केनियाला हत्तींच्या कामासाठी जाते म्हटल्यावर बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हयचे हत्ती कमी पडले काय?"

त्यांचा प्रश्न घेऊनच मी इथे आले.

नैरोबीहून मोंबासाच्या रेल्वेने वोईला उतरलं की सगाला डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी मक्याची छोटी छोटी शेतं आणि पलीकडे लगेच त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यान. माती आपल्यासारखीच लाल. ती अंगावर उडवून घेऊन इथले हत्तीही विटकरी झालेले असतात. पहिला हत्ती पाहिला तेव्हा मला एकदम घराचीच आठवण आली.

आमचं काम मधमाश्यांच्या कुंपणाचं. हत्तींवर संशोधन करणाऱ्या ल्युसी किंग यांनी दाखवून दिलं की चवताळलेल्या माश्यांचा नुसता आवाज ऐकवला तरी हत्ती पळ काढतात. एवढं जाड कातडं, पण डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत डंख बसला की त्यांना सोसवत नाही. म्हणून शेताभोवती दर दहा मीटरवर खांबांमध्ये एक पेटी टांगायची, एक खरी, पुढची नुसती लाकडी फळी, आणि सगळ्या एकाच तारेने जोडायच्या. हत्तीचा धक्का तारेला लागला की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर येतात. इथल्या अनेक वर्षांच्या नोंदींत कुंपणापाशी आलेल्या चार हत्तींपैकी साधारण तीन परत फिरले आहेत.

चौथा आत येतोच. हे मी इथे कुणाकडूनही लपवलेलं पाहिलं नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. 2017च्या दुष्काळात फुलंच नव्हती, माश्या पेट्या सोडून गेल्या. कुंपण सावरायला काही वर्षं गेली.

ज्या बाईंच्या शेतात मी जास्त असते त्यांना सगळे 'मामा' म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. गेल्या आठवड्यात पहाटे त्यांनी मला हाताला धरून कुंपणाकडे नेलं. रात्री हत्ती येऊन गेला होता. ओल्या मातीत परातीएवढं पाऊल, त्यात तळव्याच्या भेगांची जाळी इतकी स्वच्छ उमटलेली की बोट फिरवून रेषा मोजाव्यात. पावलं सरळ तारेपर्यंत आली होती. तिथे माती बरीच तुडवलेली, मग वळून कुंपणाच्या कडेकडेने शेवटच्या पेटीपर्यंत, आणि तिथून झाडीत. आम्ही टेपने पावलाची लांबी घेतली, वहीत लिहिली. मका जागच्या जागी होता. मामा मला म्हणाल्या, काल मी झोपले.

मला रडू आलं. आजीला अशी एकही रात्र मिळाली नाही. हत्ती वाचवायचा असेल तर आधी त्याच्या वाटेवरच्या माणसाची झोप वाचवायला हवी, हे इथे ज्यांनी ओळखलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शिवाय मध विकून घरात चार पैसे येतात. मधासाठी पेट्या फोडणारा हनी बॅजर मात्र सगळ्यांचा वैरी!

रात्री बाबांना फोन केला. आपली सातेरी माशी इथल्या माशीपेक्षा बरीच शांत, तिचं हत्ती किती ऐकतील हे करून बघायला लागेल, असं मी स्पष्ट सांगितलं. कर्नाटकात कोडगूकडे पेट्या लावून पाहिल्यात, तेही सांगितलं. बाबा फार बोलले नाहीत. आज सकाळी त्यांचा मेसेज आला: "ओहोळाकडची बाजू मोजली. दीडशे पावलं. खांब सुपारीचे चालतील?"