तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फोटो किती लागतील?’

सोलापुरात यंत्रमागवाले हमखास विचारतात: ‘सुताचे कोन (सूत गुंडाळलेले शंकू) कॅमेऱ्यानं ओळखायचे आणि रोबोटनं उचलायचे, तर फोटो किती लागतील?’

आकड्यात फारसं काही नाही. मोबाइल एका जागी धरून काढलेले 2000 फोटो म्हणजे एकच फोटो 2000 वेळा. दर 15 अंशांवर एक, असे तीन उंचींवरून काढा. 72 होतात आणि ते जास्त कामाचे. कोन उभा, आडवा, निम्मा दुसऱ्यामागे दडलेला, ट्यूबलाइटखाली, दारातल्या उन्हात, सगळं येऊ द्या. टेबलही बदला, नाहीतर मॉडेल (फोटोंवरून शिकणारा प्रोग्रॅम) टेबलच पाठ करतं. व्हिडिओतल्या लागोपाठच्या फ्रेम शिकवणीत आणि चाचणीत वाटल्या, तर निकाल झकास येतो आणि शेडमध्ये आपटी खातो.

एवढ्यानं वस्तू ओळखता येते. उचलायला मात्र ती किती लांब आहे हे हवं, आणि लहान वस्तू जवळ आहे की मोठी लांब, हे नुसत्या एका फोटोवरून ठरत नाही. कोनाचं माप पक्कं ठाऊक असेल तर एका कॅमेऱ्यात भागतं. नाहीतर दोन लावा.

आधी कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचं माप बसवणं. बुद्धिबळाच्या पटाची प्रिंट काचेवर चिकटवा. कागद जरा फुगला की गणित हुकतं. घरांची बाजू पट्टीनं मोजा (प्रिंटर गुपचूप माप बदलतो, त्याच्यावर विसंबू नका). ऑटोफोकस बंद ठेवून, पट तिरपा करत, फ्रेमच्या कोपऱ्यांपर्यंत नेत 15-20 फोटो घ्या. ओपनसीव्ही या फोटोंचं गणित करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत आली पाहिजे.

आता समजा, कॅमेऱ्यांत 12 सेंमी अंतर आहे आणि फोकल लांबी (भिंगापासून चित्रापर्यंतचं अंतर, इथं पिक्सेलमध्ये मोजलेलं) 1000 पिक्सेल. दीड मीटरवरचा बिंदू दोन फोटोंत 80 पिक्सेल सरकलेला दिसतो. दोन फोटोंतला तोच बिंदू जुळवताना एका पिक्सेलची चूक झाली तर अंतर सुमारे 19 मिमीनं चुकतं. तीन मीटरवर हीच चूक 75 मिमी. अंतर दुप्पट, चूक चौपट. म्हणून कॅमेरा उगाच छताला टांगू नका.

पांढऱ्या टॉवेलांच्या थप्पीवर जुळवायला खूणच सापडत नाही. चादरीची तऱ्हा उलटी: नक्षी भरपूर, पण तीच ती, त्यामुळे इथलं फूल शेजारच्या फुलाशी जुळतं आणि थप्पी भलत्याच उंचीची निघते. दोन्हींवर उपाय एकच, प्रोजेक्टरनं विस्कळीत ठिपके पाडायचे.

कोनाची अडचण आणखी वेगळी. तो स्वतःभोवती फिरवला तरी तसाच दिसतो. ती फिरकी लेबलात (फोटोसोबत मॉडेलला शिकवायच्या उत्तरात) भरली, तर एकाच चित्राला दहा उत्तरं मिळून मॉडेल मधलंच काहीतरी सांगतं. भरूच नका, ग्रिपरला, म्हणजे रोबोटच्या पंजाला, ती लागतही नाही.