दुदो खेळताना थाप कुठे बसते

दुदो हा पेरू-चिलीकडचा फाशांचा खेळ. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ ‘मला शंका आहे’. तिकडे चामड्याचे पेले असतात. मी जाड प्लास्टिकचे वापरतो, आरपार न दिसणारे. स्टीलचा नको, आपटून फासा बाहेर उडतो आणि कानठळ्या बसतात त्या वेगळ्याच. खाली सतरंजी घालावी.

प्रत्येकाला पाच फासे, म्हणजे चौघांत वीस. सगळ्यांनी एकदम खुळखुळवून पेला पालथा घालायचा, आपलं दान तेवढं चोरून बघायचं. फाशावर फासा चढला तर त्याने पुन्हा हलवायचं. मग बोली: सगळ्या पेल्यांखाली मिळून अमुक आकड्याचे इतके फासे आहेत. पुढच्याने नग वाढवायचे, किंवा नग तेच ठेवून वरचा आकडा घ्यायचा. पटलं नाही की ‘दुदो’ म्हणून पेले उघडायचे. बोलीएवढे किंवा जास्त निघाले तर शंका घेणाऱ्याचा एक फासा जातो, कमी निघाले तर बोली लावणाऱ्याचा.

‘सहा पाच’ म्हणजे सहा नग पाचाचे की पाच नग सहाचे? भांडण ठरलेलं. म्हणून आम्ही पत्त्यांची नावं घेतो: सहा पंज्या, पाच छक्क्या.

एक्का जोकर, कुठल्याही आकड्यात धरतात. डावाची सुरुवात एक्क्यांनी करायची नाही. मध्येच एक्क्यांवर उतरायचं तर नग निम्मे, अपूर्णांक आला तर वरचा: सात पंज्यांवर चार एक्के. परत फिरताना दुप्पट अधिक एक, म्हणजे किमान नऊ. तो ‘अधिक एक’ नवे लोक हमखास विसरतात.

आता हिशेब. माझ्याकडे पंजी, पंजी, एक्का, दुर्री, तिर्री. पंज्यांत तीन धरले. बाकी पंधरा फाशांपैकी तिसरा हिस्सा, म्हणजे सरासरी पाच. आठ पंज्या खऱ्या निघायची शक्यता साधारण ६० टक्के, नऊची ३८, दहाची जेमतेम २०. आठवर मी बिनधास्त असतो, दहावर दुदो म्हणतो. पण माझ्या आधी दोघं पंज्याच बोलले असतील तर त्यांच्याकडे त्या असाव्यात, किंवा दुसरा पहिल्याच्या थापेमागे वाहवत गेलाय. थाप बसते ती इथेच. त्यामुळे हातात चौकी एकच असली तरी सुरुवातीलाच ‘चार चौक्या’ ठोकतो. वीस फाशांत तो आकडा सहज खपतो. शेवटी, बोली चढल्यावर मारलेली थाप लगेच पकडली जाते.

गेलेला फासा खिशात घालू नये, मधोमध ठेवावा, म्हणजे किती उरले ते दिसतं. कुणी पहिल्यांदा एकाच फाशावर आला की पुढच्या डावात एक्का जोकर नसतो आणि तो जो आकडा बोलेल तोच कायम, फक्त नग वाढतात. तिथे तिसरा नाही, सहावा हिस्सा धरायचा. बारा फासे उरले असतील तर चार नव्हे, दोनच.