राजा शोधायला गेले आणि पुतण्या जुळेना

मी इंग्लंडमध्ये एका डीएनए लॅबमध्ये आहे, वंशावळीचे रिपोर्ट करते. लोक गालाच्या आतून काडी फिरवून पाठवतात, आम्ही फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय क्रोमोसोमवरचे मार्कर, म्हणजे घराण्यागणिक वेगळ्या निघणाऱ्या ठरावीक जागा, वाचतो. वाय बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो, म्हणून बापाकडची रेघ शेकडो वर्षं मागे नेता येते. लॅबमधल्या प्रत्येक पुरुषाचा वाय प्रोफाइल आमच्याकडे आधीच नोंदवलेला असतो, कारण त्यांच्यापैकी कुणाचा डीएनए नमुन्यात शिरला तर तो लगेच ओळखू यायला हवा.

२०१२ मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली इंग्लंडचा पंधराव्या शतकातला राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला, तेव्हापासून राजघराणं शोधणारे बरेच येतात. असेच एक रिटायर्ड आजोबा. घरच्या कागदांनुसार बापाकडून थेट रिचर्डचा पूर्वज राजा तिसरा एडवर्ड याच्यापर्यंत रेघ जाते म्हणे, आणि मला रिचर्डशी जुळवून द्या. खात्रीसाठी पुतण्याचंही किट सोबत, वाढदिवसाची भेट म्हणून दिलेलं.

आजोबांचा वायचा गट, म्हणजे एकाच फार जुन्या पुरुष पूर्वजाकडून आलेल्या रेघांचा समूह, आला जी. रिचर्डचाही जीच, त्यातली जी-पी२८७ ही फांदी. त्यांनी गटाची माहिती नेटवर वाचली आणि सरळ मेल केला की जुळलं! इथे माझी खरी चिडचिड होते. गोत्र एक म्हणून कोणी सख्खा भाऊ होत नाही तसंच हे, जी गटाच्या फांद्या हजारो वर्षांपूर्वी फुटल्यात, बारीक मार्कर लावले तर या दोघांचा काही संबंध दिसत नाही. पण जाहिराती असं एक अक्षर विकतात आणि समजावायला फोनवर आम्ही.

शिवाय रिचर्डचा वाय हीच एडवर्डची मोजपट्टी आहे असंही नाही. सांगाड्यावरच्या २०१४ च्या शोधनिबंधात, म्हणजे पेपरमध्ये, पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या (कागदोपत्री हाही बापाकडून एडवर्डचाच वंशज) पुरुष रेघेतले पाच जण तपासले होते. चौघं आर१बी-यू१५२ गटाचे, पाचवा आय गटाचा, आणि रिचर्डशी एकही जुळला नाही. रिचर्ड आणि त्या ड्यूकमध्ये बाप-मुलाचे १९ दुवे आहेत, त्यात कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे. कुठे, ते सांगता येत नाही. रिचर्डच्या बाजूला असेल, बोफर्टच्या बाजूला असेल. सांगाडा मात्र रिचर्डचाच, कारण आईकडून जाणारा मायटोकाँड्रियल डीएनए त्याच्या बहिणीच्या वंशजांशी जुळला. मला हा पेपर फार आवडतो, जेवढं कळलं तेवढंच लिहिलंय.

मग पुतण्याचा रिझल्ट आला. आर१बी. २७ मार्करपैकी निम्म्याहून जास्त वेगळे, काका-पुतण्यात एखादा बदलला तर बदलतो. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून दोघांच्याही राखीव काडीवरून सगळं पुन्हा केलं, बारकोड तपासले, स्टाफच्या प्रोफाइलशी ताडलं. तेच.

मॅनेजरचं म्हणणं, ठरलेल्या साच्यातला रिपोर्ट पाठवून दे, 'दोन्ही व्यक्ती पितृवंशाने संबंधित नाहीत' असं एक वाक्य आणि खाली सही. मला ते निर्दयी वाटलं आणि आजही वाटतं. ते एवढं वाक्य तुम्ही सकाळी चहा पिताना मेलमध्ये वाचायचं? मी भांडून आधी फोन करायची परवानगी घेतली.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग चुकीचा कोण? मी, माझा भाऊ, की तो पोरगा?" मी म्हटलं, दोन नमुन्यांवरून ते कळणारच नाही. तुमचे वडील आणि तुम्ही, तुमचे वडील आणि तुमचा भाऊ, भाऊ आणि पुतण्या, तीनपैकी कुठलाही दुवा असू शकतो. तिसरा पुरुष लागेल, वडिलांच्या भावाच्या घरातला. ते म्हणाले, भाऊ वारलाय, वहिनी आहे, तिला काय सांगू? राजाचं नावही पुन्हा निघालं नाही.

पेपरमधला तो पाचवा माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा माणूस म्हणून दिसला. बाकीचे चौघं जुळतात म्हणजे त्याच्याकडचा दुवा अगदी अलीकडचा, मागच्या काही पिढ्यांतलाच. प्लँटॅजेनेटांच्या, म्हणजे रिचर्ड-एडवर्डच्या घराण्याच्या भानगडींवर सगळं जग चर्चा करतं, त्यांच्यातलं दुखावलं जाईल असं कुणी उरलेलं नाही. त्याचं तसं नाही.

आता आजोबांनी तिसरं किट मागवलंय, चुलत भावासाठी. आमच्या संमतीपत्रात 'अनपेक्षित नातं निघू शकतं' ही ओळ शेवटच्या पानावर बारीक टायपात आहे, आणि किट भेट देताना समोरच्याला हे सांगितलंय का ते विचारायला रकानाच नाही. तो रकाना पहिल्या पानावर घ्या म्हणून मी लेखी दिलंय. अजून उत्तर नाही, आणि चुलत भावाचं किट पोस्टात पडलंय.