मोनोफिन नोंद: ४०० मीटरमधले शेवटचे तीनशे

पोहण्याच्या सरावाच्या या टप्प्यात स्प्रिंट बाजूला ठेवून फक्त एरोबिक पाया, म्हणजे ऑक्सिजनवर चालणारा दम, वाढवायचा, असं ठरवलं होतं. मोनोफिन (दोन्ही पायांना मिळून एकच मोठा पर), समोरचा स्नॉर्कल (चेहऱ्यासमोरून वर जाणारी श्वासाची नळी), २५ मीटरचा पूल, ४०० मीटर सरफेस (पाण्याच्या पृष्ठभागावरून पोहण्याचा प्रकार). आकडे आधी देतो, नाहीतरी सगळे तेच आधी शोधतात.

सुरुवातीला ४:५२. शंभराचे स्प्लिट (प्रत्येक शंभर मीटरची वेळ, सेकंदांत) ६७, ७१, ७६, ७८. आता ४:३६, स्प्लिट ६७, ६९, ७०, ७०. पहिले शंभर जिथल्या तिथे आणि सोळाच्या सोळा सेकंद पुढच्या तीनशेत वसूल. शेवटच्या शंभरात लॅपमागे १६ किक व्हायच्या, त्या १४ वर आल्या. ५० मीटरला मात्र २४.६ चे २४.५ झाले, स्टॉपवॉच दाबण्यातच तेवढा फरक पडतो. त्यात नवल नाही. ५० ची शर्यत बहुतांशी ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेवर होते, साधारण सव्वा मिनिटाच्या जोरकस प्रयत्नात दोन्ही बाजू निम्म्या-निम्म्या होतात, आणि ४०० मध्ये एरोबिक बाजू स्पष्ट वरचढ ठरते.

क्रिटिकल स्पीडही, म्हणजे बराच वेळ टिकवता येणारा वेग, काढला. २०० ची वेळ २:१८ वरून २:१४. म्हणजे २०० आणि ४०० मधला फरक १५४ सेकंदांवरून १४२ वर, शंभराला ७७ वरून ७१. एवढ्या छोट्या दोन अंतरांवरून काढलेला वेग जरा फुगलेलाच येतो, म्हणून मुख्य सेट त्याहून दोन-तीन सेकंद सावकाश करतो: ८ गुणिले १००, मध्ये १५ सेकंद. कंटाळवाणा आहे, पण काम करतो.

सगळ्यात मोठा फरक टर्नला, म्हणजे भिंतीशी वळताना, जाणवला. सरफेस प्रकारात भिंतीपासून १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येतं, पण मला तिसऱ्या शंभरात १५ कुठले, सहा मीटरलाच हवा लागायची. वर आल्यावर पहिला उच्छ्वास नळीतलं पाणी उडवण्यात जातो. तो अर्धवट झाला की गुळगुळ आवाज येतो, पुढचा श्वास उथळ होतो आणि तिथून लय बिघडते. आता शेवटच्या टर्नलाही नऊ-दहा मीटर निघतात.

उथळ श्वास स्नॉर्कलमध्ये जास्तच महागात पडतो. नळीचा आतला व्यास २ सेंटीमीटर आणि लांबी ४५ धरली, तर आत सुमारे १४० मिलिलिटर वापरलेली हवा उरते. दोन लिटरच्या श्वासात ती किरकोळ, अर्ध्या लिटरच्या श्वासात पाव भागाहून जास्त. म्हणून सोप्या सेटमध्येही मुद्दाम सावकाश, पूर्ण उच्छ्वास घोटवला.

धावण्यावरून काढलेले हार्ट रेटचे झोन इथे जसेच्या तसे वापरू नका. आडवं शरीर आणि पाण्याचा दाब यांमुळे तेवढ्याच मेहनतीला ठोके बऱ्याचदा दहा-पंधराने कमी दिसतात. ठोके मोजणारा छातीचा पट्टा प्रत्येक पुश-ऑफला (भिंतीला पायाने रेटून निघताना) घसरतो, म्हणून मी मानेवर बोट ठेवून दहा सेकंद मोजतो.

वेग ५ टक्के वाढवायला साधारण १६ टक्के जास्त शक्ती लागते, त्यामुळे पहिल्या शंभराचे ६७ नुसत्या दमावर हलतील असं वाटत नाही. पुढच्या टप्प्यात आठवड्यातून दोनदा २५ मीटर पूर्ण जोरात, भरपूर विश्रांती घेऊन. एरोबिक सेट आठवड्यातून फक्त एक दिवस. त्यात शेवटचे ७० टिकतात का, तेही मोजणार आहे.