रोपांची वही

न्येरीत जुलै म्हणजे ऐन थंडी. केनियातलं हे गाव विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, तरी सकाळी धुकं असं उतरायचं की मैदानापलीकडचं फाटक दिसायचं नाही. आमच्या मुलींच्या शाळेचं गॅदरिंग नेमकं त्याच दिवसांत. नव्वदच्या दशकात चार वर्षं मी तिथे गणित शिकवलं. स्वाहिलीत गणिताला ‘हेसाबु’ म्हणतात, पुस्तकाला ‘किताबु’, लेखणीला ‘कलामु’. पहिल्या आठवड्यातच माझं परकेपण निम्मं ओसरलं.

आदल्या रात्री स्वयंपाकघरामागे मोठाली पातेली चढायची आणि मका-घेवड्याची गिथेरी पहाटेपर्यंत रटरटायची. तिथेच ती मुलगी मला पहिल्यांदा नीट दिसली. फॉर्म वनची, म्हणजे आपल्याकडची नववी. धुरानं डोळे लाल झालेले, हातात जवळजवळ तिच्याच उंचीचा लाकडी ढवळणा. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन आली होती.

तिची फी गावानं हरांबे भरवून जमवली होती. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं. केनियाच्या राजचिन्हावरही हाच शब्द आहे. पुढे मी अशा एका हरांबेला गेले. एका म्हातारीनं कोंबडी दिली, तिचा लिलाव झाला. घेणाऱ्यानं पैसे मोजले आणि कोंबडी परत टेबलावर ठेवली, पुन्हा लिलाव! एकच कोंबडी चार वेळा विकली गेली. आमच्या गावी गणपतीपुढच्या नारळाचा लिलाव व्हायचा, तो आठवून माझा गळा दाटून आला. आपलं शिक्षण कुणाकुणाच्या खिशातून आलंय, हे त्या मुलीला नावानिशी पाठ होतं.

दुसऱ्या वर्षी ती मुख्याध्यापिकांकडे गेली. पाहुण्यांना हार-गुच्छ नकोत, रोपं देऊ या. तिची आई ग्रीन बेल्टच्या महिला गटात होती. वंगारी मथाई याच जिल्ह्याच्या. त्यांनी 1977 साली सुरू केलेल्या या चळवळीत बायका रोपं वाढवायच्या आणि जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसे मिळायचे. नैरोबीच्या उहुरू पार्कात साठ मजली इमारत उभी राहणार होती, तिला 1989 मध्ये मथाईंनी विरोध केला. तेव्हापासून सरकारचा त्यांच्यावर राग. आमच्या स्टाफरूममध्ये ते नाव निघालं की आवाज खाली यायचे. या मुलीनं मात्र ते व्यासपीठावरून, खणखणीत घेतलं. क्षणभर मंडपात चिडीचूप. मग मागच्या रांगेतल्या आयांनी टाळ्या सुरू केल्या.

रिकाम्या डब्यांतली रोपं वाटली आणि प्रत्येकाचं नाव एका वहीत लिहून घेतलं. मलाही मुरिंगाचं रोप मिळालं. नाव ऐकून शेवगा वाटतो, पण झाड आपल्या भोकराच्या कुळातलं. मी ते क्वार्टरमागे लावलं.

खरा सोहळा पुढच्या वर्षी झाला. बक्षिसं संपल्यावर तिनं वही उघडली आणि एकेक नाव पुकारायला लागली, “तुमचं झाड?” कुणी हसत हात वर केला, कुणी खाली बघितलं. गावचे चीफ उठले, टोपी काढली आणि म्हणाले, “शेळ्यांनी खाल्लं.” एवढा मोठा माणूस, सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला हिशेब देत होता. ती रागावली नाही. वहीत काहीतरी लिहिलं, दोन रोपं उचलून त्यांच्या हातात दिली आणि पुढचं नाव घेतलं. मी वर्गात तिला समीकरणं शिकवत होते, पण माणसांकडून काम करून घ्यावं कसं, हे त्या दिवशी मी तिच्याकडून शिकले.

चौथ्या वर्षी ती हेडगर्ल झाली. कुणालाच नवल वाटलं नाही. त्याच वर्षअखेरीला मीही साताऱ्याला परतले.

मथाईंना 2004 साली नोबेल मिळालं. बातमी ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. काही आठवड्यांनी तिचं पत्र आलं. नर्स होऊन ती गावच्याच दवाखान्यात रुजू झाली होती, आणि आता दुसऱ्यांच्या मुलींच्या फीसाठी हरांबे भरवत होती. शेवटी लिहिलं होतं, “म्वालिमु (म्हणजे बाई), तुमची मुरिंगा यंदा पांढऱ्या फुलांनी भरलीय. वहीत तुमच्या नावापुढे बरोबरची खूण केली आहे.”