काचेवर चढलेली वेल: माझा अनुभव

छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यात मी काचा पुसायची कामं घेतो. धूळ, सिमेंटचे शिंतोडे, कबुतरांची घाण, याचं काही वाटत नाही. पण फोनवर कुणी "खिडकीवर थोडी वेल आलीय" म्हटलं की मी भाव सांगत नाही, आधी बघून येतो. थोडी म्हणजे किती, ते घरात बसून कळत नसतं.

गारखेड्यातला एक बंगला असाच निघाला. पश्चिमेची अख्खी भिंत गच्चीच्या कठड्यापर्यंत हिरवी. नर्सरीत हिला बिनधास्त आयव्ही म्हणून विकतात, पण खरी आयव्ही थंड मुलखातली. ही वड-उंबराच्या कुळातली, पान तोडलं की पांढरा चीक येतो. मालक निवृत्त जीवशास्त्राचे सर, वेल त्यांनीच लावलेली. "हिच्यामुळं भिंत तापत नाही हो," ते म्हणाले, आणि मे महिन्यात ते पटतंही. काकूंची तक्रार वेगळी होती. पावसाळ्यात स्लायडिंगच्या खिडक्यांमधून पाणी घरात येतं, पाली येतात, स्वयंपाकघरात भरदिवसा लाइट लावावा लागतो. मी म्हणालो, "सर, भिंत राहू द्या. खिडक्यांपासून तेवढी वीतभर मागं घेऊ." त्यावर दोघंही तयार झाले.

शिडी लावायच्या आधी लांब काठीनं वेल हलवून बघतो. आत गांधीलमाश्या असतात, आणि शिडीवर दोन्ही हात गुंतलेले असताना त्या उठल्या तर पळायला जागा नसते. इथं माश्या नव्हत्या, पण एका छज्जाखाली बुलबुलाचं घरटं होतं, पिल्लांसकट. ती खिडकी पिल्लं उडेपर्यंत सोडून दिली.

हिरवी वेल ओढायची नाही, हे माझं पक्कं. जिवंत मुळ्या रंगाचे पापुद्रे घेऊन येतात आणि काचेच्या कडेचं सिलिकॉनही उपटतं. काचेकडं जाणाऱ्या फांद्या चौकटीच्या बाहेरच कात्रीनं तोडल्या आणि वर तशाच वाळू दिल्या. हातात रबरी मोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. हा चीक अंगाला लागून वर ऊन बसलं तर चट्टे उठतात. आमच्याकडच्या उन्हात वेल वाळायला वेळ लागत नाही. पानं कुरकुरीत झाली की फांद्या बोटांनी निघतात.

पण काचेवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा उरतात. ते मुळ्यांचे पाय. नुसत्या साबणाला ते दाद देत नाहीत. सर खालून शिकवायला लागले: हेच डार्विननं 1865 साली लिहून ठेवलंय, त्यानं याच वेलीच्या मुळ्या काचेच्या पट्ट्यांना टेकवून बघितल्या, तर त्यातून चिकट थेंब सुटले आणि मागं रबरासारखं काही उरलं. मला हे आवडलं. माझ्या स्क्रॅपरला जे लागत होतं ते खरंच रबरासारखं होतं.

असल्या डागाला गरम पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण. थोडं भिजू द्यायचं, मग नवं ब्लेड तिरपं धरून एकाच दिशेनं ढकलायचं. मागं ओढलं की ब्लेडखालचा कण काचेवर चरा पाडतो. कोरड्या काचेला ब्लेड लावायचंच नाही, आणि फिल्म किंवा आरशासारखा थर असलेल्या काचेला तर कधीच नाही. उरलेल्या ठिपक्यांना चार शून्यांचं स्टील वूल, म्हणजे अगदी बारीक तारांचा लोखंडी काथ्या, तोही ओला. काही लोक अ‍ॅसिड मारतात. त्यानं अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचा रंग जातो आणि नंतर शिव्या आम्हाला बसतात.

पश्चिमेची भिंत म्हणून काम सकाळी उरकायचं. दुपारी साबण काचेवरच वाळतो. पाण्याचं तर विचारूच नका. आमच्याकडं नळाला कधी पाणी येतं हे विचारूनच कामाची तारीख ठरते. बोअरचं पाणी जड, शेवटच्या हाताला वापरलं तर पांढरे डाग बसतात. म्हणून शेवटचा हात घरून आणलेल्या फिल्टरच्या पाण्याचा, त्यावर वायपर.

काकूंच्या तक्रारीचं मूळ मात्र काचेत नव्हतंच. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती कुजलेली पानं आणि मुळ्यांनी गच्च बुजली होती. तारेनं मोकळी केली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ बाहेर गेलं. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

वेल छाटायचे पैसे मी काचेपेक्षा वेगळे धरतो, कारण त्यात एक फेरी फुकट जाते. वीतभर पट्टा पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या आधी छाटून घ्यायचा, असं ठरलं. बुलबुलाची खिडकी मागाहून येऊन केली. राहिलं ते जिन्यावरचं व्हेंटिलेटर. काकू म्हणाल्या तेही साफ करा, सर म्हणाले असू द्या. मी शिडी आवरली.